मदत हवी आहे: सपाट नागपुरात उताराची तयारी कशी करू?

वय ६२. फेब्रुवारीत गुलमर्गला स्की टूरिंगला जातोय, म्हणजे स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून चढायचं, मग ते काढून घसरत उतरायचं. गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर, आपलं नागपूर जेमतेम ३१०! पाठीवर ८ किलो घेऊन रोज सेमिनरी हिल्स, रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, असं दोन महिने चाललंय. चढताना दम टिकतो; उतरताना मात्र निम्म्यातच मांड्या लटलटतात. गुडघ्यांचा एक्स-रे काढला, झीज नाही. (रात्री हिमालयाची पुस्तकं वाचून मांड्या भरत नाहीत, हेही कळलं.) जिम नको, सकाळचा एकच तास मिळतो. हातात आठ आठवडे आहेत. उतारासाठी नेमका कोणता व्यायाम करू, आणि आठवड्यातून किती वेळा?