स्ट्रेटनर अमेरिकेत तापेल का? पार्लरच्या पेटीतलं काय नेऊ न काय ठेवू?

ओसरीतलं पार्लर (दारव्हा तालुका, यवतमाळ):

नमस्कार मंडळी. नऊ वर्षांपासून मी खेड्यात घराच्या ओसरीतच पार्लर चालवते. जानेवारीत नणंदेचं डोहाळजेवण आहे, न्यू जर्सीला. तिनं तिकीटच पाठवलं. म्हणाली, "वहिनी, माझा खोपा तूच घालशील, बाकी कोणाच्या हातचा मले चालत नाही." तर चालली मी बाप्पा अमेरिकेला! आतापर्यंत मुंबईच्या पुढे पाय टाकला नव्हता.

आता पेटी भरून राहिली न डोकं चक्रावून राहिलं. दोन स्ट्रेटनर आहेत, एक जुना न एक मागच्या दिवाळीत घेतलेला. एक कर्लर, एक क्रिंपर, १६०० वॅटचा ड्रायर. शिवाय काळ्या पिना, यू पिना, शेपटीवाला कंगवा, कात्री, स्प्रेचे डबे, मेंदीची पुडकी. धाकटा दीर म्हणतो, "वहिनी, पिन बदलायचा ॲडॉप्टर घेऊन टाक, झालं काम." मले ते पटून नाही राहिलं.

काऊन, तर सांगते. मागच्या लग्नसराईत एका नवरीचे केस सेट करायला बसली. संध्याकाळची वेळ, गावात व्होल्टेज पडलं. बल्ब पिवळा, पंखा रांगत होता. स्ट्रेटनरचा लाल दिवा लागलेला, पण पट्ट्या कोमट. एका बटेवरून पाच पाच वेळा फिरवला तरी केस जागचे हलले नाहीत. तिकडून वरात निघाल्याचा निरोप आला. शेवटी दोन्ही बाजूंनी पीळ घालून अंबाडा घातला न गजऱ्यानं झाकला. नवरीची माय अजूनही रस्त्यात भेटली की तोंड फिरवते. अमेरिकेतलं व्होल्टेज आपल्यापेक्षा कमी असते असं ऐकलं. तिथं पाहुण्यांसमोर असं झालं तर?

आणखी एक, लांबच्या प्रवासात केसांचं काय करावं? माझे कमरेखाली आहेत.

---

फिरता मुशाफिर:

काही टेन्शन नका घेऊ ताई. मी दोनदा दुबईला जाऊन आलो, फक्त पिन बदलली, सगळं चाललं. ट्रिमर, मोबाइल, बायकोचा ड्रायर, सगळं.

---

मोटार वायंडिंगवाला (पुसदकडचा):

मुशाफिर भाऊ, दुबईत चाललं कारण तिथं आपल्यासारखंच २३० च्या आसपास व्होल्टेज आहे. अमेरिकेत १२० आहे. पिन बदलून व्होल्टेज बदलते काय? विहिरीवरच्या मोटारीचा पाइप बदलला म्हणून विहिरीचं पाणी वाढते काय?

ताई, तुमच्या दिराचं ऐकू नका. तुमची शंका बरोबर आहे, न तुम्ही उत्तर स्वतःच देऊन राहिल्या. व्होल्टेज पडलं की तापणाऱ्या वस्तूची ताकद सरळ नाही पडत, वर्गानं पडते, म्हणजे व्होल्टेज अर्धं झालं की ताकद पाव. २३० चं १६० झालं की ताकद निम्म्यावर येते. त्या दिवशी तुमच्या नवरीच्या वेळी तेच झालं असंल. अमेरिकेत तर १२०, म्हणजे ताकद पाव राहिली. तुमचा १६०० चा ड्रायर तिथं सव्वाचारशे वॅटचा होऊन बसंल, फुंकर मारल्यासारखा. जळणार नाही, पण कामाचाही नाही.

आता करा काय तर स्ट्रेटनरच्या दांडीवर नाहीतर वायरच्या मुळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असते, ते वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असंल तर बिनधास्त न्या, तिथं फक्त पिनेचा ॲडॉप्टर लागंल. २२०-२४० लिहिलं असंल तर घरी ठेवा. काही कर्लरवर नाण्यानं फिरवायचा खटका असतो, १२५ न २५० असा. तो तिथं १२५ वर न्यायचा. आणि परत आल्यावर इथल्या बोर्डात घालायच्या आधी आठवणीनं २५० वर आणायचा. विसरल्या तर चौपट ताकद जाईल, न धूर निघंल.

कोणी ट्रान्सफॉर्मर घे म्हणंल तर घेऊ नका. ड्रायरच्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे आठ-दहा किलोचं धूड होते. २३ किलोच्या बॅगेत तेच न्याल काय?

---

ओसरीतलं पार्लर:

भाऊ, विहिरीचं उदाहरण दिराला वाचून दाखवलं, तो उठून गोठ्यात गेला.

दोन्ही स्ट्रेटनर उन्हात नेऊन पाहिले. नव्यावर १००-२४० आहे! सासूबाईंच्या चष्म्यानं वाचलं, इतकं बारीक. जुन्यावरची अक्षरं केसांच्या क्रीमनं पुसून गेली, फक्त २ न ४० दिसते. मधलं काय होतं ते देवाला ठाऊक.

---

मोटार वायंडिंगवाला:

पुसलेला नेऊ नका. आपल्याकडंचा आहे म्हणजे २२०-२४० च धरून चाला.

---

परतवाड्याची लेक (सध्या न्यू जर्सी):

अगं ताई, वाचूनच माहेरची ओसरी आठवली! मी इथं सहा वर्षं आहे, माझं ऐक.

पहिल्या वर्षी मी आपल्याकडचा कर्लर आणला होता. एक बट अर्धा तास गुंडाळून बसले, केसांना काही पत्ता नाही. मग इथल्या दुकानातून पंचवीसेक डॉलरचा साधा स्ट्रेटनर घेतला. नणंदेकडे एखादा असेलच बघ, आधी विचारून घे. नसला तर तिलाच घ्यायला लाव, तिच्याच घरी राहील. तो फक्त इथल्या व्होल्टेजवर चालणारा असेल तर परत येताना बरोबर घेऊ नकोस, आपल्याकडच्या बोर्डात त्याचा फटाका होईल. इथल्या ड्रायरचीही तीच गत. नणंदेचा वापर. इथल्या साध्या प्लगवर जास्तीत जास्त १८०० वॅट चालतात, त्यामुळे ड्रायर आणि हीटर एकाच बोर्डावर एकदम लावू नकोस, ब्रेकर पडतो. बाथरूमच्या प्लगवर दोन छोटी बटणं असतात, टेस्ट आणि रीसेट. वीज गेली असं वाटलं तर आधी रीसेट दाब, मग आरडाओरडा कर. मी पहिल्या वेळी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं!

दुसरं म्हणजे तेल लावलेल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवू नकोस. तुला हे सांगायला नको, पण इथं भोगावं वेगळं लागतं. धूर झाला की छतातला अलार्म कोकलतो. माझ्या आईनं तेल लावलेल्या केसांवर हौसेनं फिरवला, आणि शेजारी दारात गोळा झाले. लिफ्टमध्ये अजून लोक विचारतात, "तुमची आई कशी आहे?"

बाकी पेटीचं सांगते. कात्री, शेपटीवाला कंगवा, मोठे स्प्रे, मेंदीची पुडकी हे सगळं खाली द्यायच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही, अर्धी रिकामी असली तरी नाही. मेंदी हातात ठेवलीस तर पावडर म्हणून उघडून बघत बसतील. दुकानाचं छापील पाकीट असू दे, घरची मोकळी पुडी नको. स्प्रेला टोपण घट्ट लाव. बिनवायरचा बॅटरीवाला स्ट्रेटनर कोणी दिलाच, तर तो मात्र हातातल्या बॅगेत, खाली नाही.

आणि डोहाळजेवण आहे म्हणून ताजी फुलं किंवा वेणी आणायच्या फंदात पडू नकोस. फुलं, रोपं, बिया आणल्या तर इथं उतरल्यावर सांगाव्या लागतात, तपासणी होते. फुलांची वाडी कापडी-कागदी आण, ती हलकीही असते. एडिसनला ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांग आहे, तेल, शिकेकाई, पिना काही अडणार नाही.

---

हिंगणघाटची पोर (जर्मनी):

माझं जरा वेगळं आहे, पण पुढे कोणी युरोपात जाणार असेल तर उपयोगी पडेल. जर्मनीत २३० व्होल्टच आहे, त्यामुळे दोन गोल पिनांचा माझा इकडचा स्ट्रेटनर तसाच बसला. तीन जाड पिनांचा बसत नाही.

ताई, जानेवारीत तिकडे खोबरेल तेलाचा दगड होईल. बाटलीला चमचा लागेल. गरम पाण्यात ठेवून पातळ करून घ्यायचं, आपल्याकडे थंडीत करतो तसंच. आणि घरात हीटर चालू असतो म्हणून हवा कोरडी. स्वेटर काढला की केस चटचट करत उभे राहतात. खोपा घालायच्या आधी दोन थेंब तेल हाताला चोळून वरून फिरव, नाहीतर बारीक केस कान-मानेवर पसरून तुझी मेहनत जाईल. स्ट्रेटनर फिरवून झाल्यावर हं, आधी नाही.

---

परतवाड्याची लेक:

हो, आणि विमानातही हवा फार कोरडी. केस मोकळे सोडू नकोस, तेलाचा हात लावून सैल वेणी घाल. अंबाडा नको, त्यात पिना असल्या की तपासणीत बाई हात घालून चाचपते. शिवाय मान टेकवता येत नाही. चोवीस तास मान वाकडी करून बसशील तर उतरल्यावर खोपा कोणाचा घालशील, तुझाच कोणाला तरी घालावा लागेल.

---

ओसरीतलं पार्लर:

तुम्ही सगळ्यांनी डोक्यावरचा भार उतरवला.

नणंदेले फोन केला. तिच्याकडे ड्रायर आहे, स्ट्रेटनर नाही. म्हणजे माझा नवाच जाईल. ॲडॉप्टर कोणता घ्यावा ते भाऊ सांगजा, यवतमाळच्या बाजारात गेली की आणते. क्रिंपर न कर्लर दोन्हीवर २२०-२४० निघालं, घरीच राहतील. तसंही खोप्याले क्रिंपर लागतोच कुठं, पुढच्या दोन बटा वळवायच्या तर स्ट्रेटनरनंच पीळ देऊन वळवता येतात, मी इथं तेच करते.

फुलांच्या वाडीचं काम कालपासून धरलं. कापडी मोगरा न सोनेरी दोरा. बाजूबंद झाले, कमरपट्टा अर्धा आहे.

---

मोटार वायंडिंगवाला:

दोन चपट्या पिनांचा घ्या. तिसरी गोल पिन असली तरी चालते, पण नणंदेच्या घरी जुना बोर्ड असंल तर ती घुसणार नाही, म्हणून दोनचाच बरा. आपल्या गोल पिना त्याच्या मागच्या भोकात घट्ट बसतात का ते दुकानातच घालून पाहा. ढिलं असंल तर ठिणगी पडते.

---

ओसरीतलं पार्लर:

ठीक हाय भाऊ. ड्रायर ओसरीतच ठेवून चालली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, पावसाळ्यात कुरडया ओलसर झाल्या तर कामी येईल." मी काही बोलली नाही.