पोर्ट मिररिंगचा स्विच घेतला तरी व्हीएममधला (व्हर्च्युअल मशीनमधला) ट्रॅफिक दिसत नाही

घरच्या लॅबमधला नेटवर्क ट्रॅफिक तपासायचा तर पोर्ट मिररिंगवाला (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणारा) स्वस्त मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग्ज बदलता येणारा स्विच, घेतला की काम झालं, असा सल्ला दिला जातो. घराबाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी ते बरोबर आहे. पण एकाच होस्टवरच्या (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या कॉम्प्युटरवरच्या), एकाच ब्रिजवरच्या (होस्टमधल्या आभासी स्विचवरच्या) दोन व्हीएम आपसात बोलतात तेव्हा ती पॅकेट्स केबलपर्यंत येतच नाहीत, मग स्विचला काय दिसणार? आणि लॅबमध्ये बघण्यासारखं बहुतेक तिथेच घडतं. त्यासाठी मिरर होस्टच्या आतच हवा. प्रॉक्समॉक्सवर (होस्टवर व्हीएम चालवणारी प्रणाली) ओपन व्हीस्विच या सॉफ्टवेअर स्विचचा ब्रिज केला तर हे फुकटात होतं.

मी इथे दोन दिवस घालवले, म्हणून सांगतो. मिरर लावला, सुरिकाटा (ट्रॅफिकमधले हल्ले ओळखून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर) छान चालला. मग सेन्सरची, म्हणजे सुरिकाटा जिच्यात चालतो ती, व्हीएम बंद करून परत चालू केली. सुरिकाटा सुरू, एरर एकही नाही, पण अलर्ट्स शून्य. कारण व्हीएम सुरू होताना तिचा टॅप इंटरफेस (तिला ब्रिजशी जोडणारा होस्टवरचा आभासी पोर्ट) नव्याने बनतो आणि जुना मिरर निकामी होतो. मिररची कमांड त्या व्हीएमच्या हुकस्क्रिप्टमध्ये (व्हीएम सुरू-बंद होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट), पोस्ट-स्टार्टला, म्हणजे व्हीएम सुरू झाल्यानंतरच्या भागात, टाका. शिवाय सेन्सरच्या कॅप्चर इंटरफेसवर जीआरओ आणि एलआरओ (येणारी पॅकेट्स जोडून मोठी करणाऱ्या सेटिंग्ज) बंद ठेवा, नाहीतर पॅकेट्स एकत्र चिकटून येतात आणि सुरिकाटाचं विश्लेषण चुकतं.