आजी पार्सलचे पैसे देतात, नातीला वाटतं ती जाहिरात नव्हतीच

नववीची_आई:
आम्ही दोघं दिवसभर कामावर, घरी सासूबाई. त्यांच्या बटव्यातले पैसे भराभर संपायला लागले तेव्हा कळलं. कुरिअरवाला येतो, नातीच्या नावाचं पार्सल दाखवतो आणि सासूबाई निमूट पैसे मोजतात. ३४९, ४९९, ५९९, ६९९. त्यांना वाटलं शाळेचं काहीतरी! निघालं काय, तर सीरम, लिप टिंट, सनस्क्रीन आणि 'अँटी-एजिंग' नाइट क्रीम. वय वर्षं चौदा!

ओरडले, तर म्हणते, "आई, ती जाहिरात नाहीये गं, रीलमधली ती ताई स्वतः वापरते." आमच्या वेळी जाहिरात लागली की पाणी प्यायला उठायचं, एवढं तरी कळायचं. फोन काढून घेऊ का?

जनरल_स्टोअर्सवाली:
काढून काय होणार, मैत्रिणीच्या फोनवर बघेल. शाळेसमोर आमचं दुकान आहे. पूर्वी मुली "काकू, पावडर द्या" म्हणायच्या. आता स्क्रीनशॉट पुढे धरतात, "दहा टक्के नायसिनामाइड आहे का?" चेहऱ्याच्या सीरममधला घटक तो; शब्द नीट म्हणायला मला महिना लागला. परवा दोघी वर्गणी काढून रेटिनॉल, म्हणजे सुरकुत्यांसाठीच्या क्रीममधलं औषधी द्रव्य, मागायला आल्या. म्हटलं, आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. नाक मुरडून गेल्या. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

भुईमूग:
पैसे घेऊन केलेल्या रीलवर तसं स्पष्ट लिहायला हवं, असा जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे ॲस्कीचा, २०२१ पासूनचा नियम आहे. १५ सेकंदांहून छोट्या व्हिडिओत निदान ३ सेकंद ते दिसलं पाहिजे. पण अंगठा त्याआधीच पुढे सरकतो. मी मुलाला कूपन कोड बघायला शिकवलं. कोड त्या ताईच्या नावाचा असेल, तर बहुतेक वेळा प्रत्येक ऑर्डरमागे तिला वाटा मिळतो. हे त्याला नियमापेक्षा लवकर पटलं.

नववीची_आई:
कोडचं विचारलं. लेकीला तो तोंडपाठ होता! "म्हणजे माझ्या ऑर्डरचे तिला पैसे मिळाले?" म्हणाली आणि जेवताना गप्पच होती. आजीचे २,१४६ रुपये ती खाऊच्या पैशातून दरमहा ३०० प्रमाणे फेडणार आहे. कुरिअरवाल्याला संध्याकाळी यायला सांगितलंय.

नाइट क्रीम सासूबाई लावतायत. वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या.