उ: आवाजाची गुरगुर आणि ३१७/३३७

ऑडिओ सर्किटमधल्या गुरगुरीच्या तक्रारीवर वर एक सल्ला आलाय: ठरावीक +१५/-१५ व्होल्ट देणारे ७८१५/७९१५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिप) काढून हवं ते व्होल्टेज ठरवता येणारे एलएम ३१७/३३७ लावा आणि त्यांच्या अ‍ॅडजस्ट पिनवर (व्होल्टेज ठरवणारी पिन) १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. हा सल्ला अगदी बरोबर. त्या एका कपॅसिटरने रिपल (एसीचं डीसी केल्यावर उरणारा चढउतार) बराच दबतो. पण रेग्युलेटरला इनपुट पुरलं तरच. ही गोष्ट अजून कुणी मांडलेली नाही आणि आमच्या सोलापुरात तीच नडते. अक्कलकोट रस्त्याला यंत्रमागांच्या लाइनवर एका ओळखीच्यांचा प्रीअ‍ॅम्प (मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट) होता. रात्री स्वच्छ, दिवसा गुरगुर. भर दुपारी सॉकेटला जेमतेम १९० व्होल्ट. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर १५ व्होल्टच्या रेलवर (रेग्युलेटरमधून निघणाऱ्या पुरवठ्यावर) दर १० मिलिसेकंदाला एक खड्डा! १५-०-१५ चा (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १५ व्होल्ट एसी देणारा) ट्रान्सफॉर्मर १९० वर १२.४ देतो, म्हणजे शिखर साधारण १७.५. त्यातून डायोड आणि रिपल वजा केला की पंधराच्या वर अर्धा-पाऊण व्होल्ट उरतो. ३१७ ला इनपुट आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट तरी जास्त हवं. मग कितीही भारी कपॅसिटर लावा, रिपल सरळ पलीकडे जाणार.

१८-०-१८ घेता येतो, पण सॉकेटचं व्होल्टेज २५० ला चढलं की मे महिन्याच्या उकाड्यात हीटसिंक चटका देतो. मी तरी रेलच ±१२ वर आणीन, ५५३२ ला (प्रीअ‍ॅम्पमधली सिग्नल वाढवणारी चिप) तेवढं भरपूर होतं. आणि दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर बसवणार असाल तर मधे वीज अडवणारी अभ्रकाची चकती विसरू नका: ३१७ चा टॅब (मागचा धातूचा पत्रा) आउटपुटला जोडलेला असतो, ३३७ चा इनपुटला.