मदत हवी आहे: प्लेस्टेशनच्या डिस्कमधलं संगीत बाहेर कसं काढायचं?

मंडळी नमस्कार,

माझ्याकडे 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाईट'ची मूळ डिस्क आहे. पहिल्या प्लेस्टेशनची, अमेरिकन आवृत्ती, कोनामीचा १९९७ चा गेम. मिचिरु यामाने यांचं त्यातलं संगीत गाडीत ऐकायचंय आणि ते याच डिस्कवरून काढायचंय. यूट्यूबवर आहे हे माहीत आहे, तो सल्ला कृपया नको. :)

साध्या सीडी प्लेअरमध्ये दुसरा ट्रॅक वाजतो. त्यात गेमचा नायक अ‍ॅलुकार्ड स्वतःच बजावतो की पहिल्या ट्रॅकमध्ये कॉम्प्युटरचा डेटा आहे, तो वाजवू नका, आणि मग एक धून लागते. ती सहज रिप झाली. पण किल्ल्यातलं संगीत आणि पात्रांचे संवाद त्या 'वाजवू नका' वाल्या ट्रॅकमध्येच असणार ना? म्हणून डिस्कची आयएसओ (एका फाइलमधली नक्कल) केली, त्यातल्या मोठ्या फायली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून उघडल्या. १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ, मोनो, स्टिरिओ, सगळं फिरवून पाहिलं. नुसती खरखर!

आयएसओ बिघडली आहे की फॉरमॅट वेगळा आहे? जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. मी प्रोग्रामर नाही, तेव्हा जरा बेतानं.

प्रतिसाद १

दोन्ही. :D

आधी आयएसओचं. सीडीवरचा डेटा सेक्टर नावाच्या तुकड्यांत असतो, एक सेक्टर २,३५२ बाइटचा. आयएसओ फाइल त्यातले फक्त २,०४८ ठेवते, बाकीचे चूकदुरुस्तीचे वगैरे म्हणून सोडून देते. वर्ड-एक्सेलच्या फायलींना त्यानं काही फरक पडत नाही. प्लेस्टेशनचा स्ट्रीम होणारा आवाज मात्र 'एक्सए' प्रकारचा असतो आणि त्याच्या सेक्टरमध्ये चूकदुरुस्ती कमी करून ती जागाही आवाजालाच दिलेली असते, २,३२४ बाइटपर्यंत. म्हणजे तुमच्या आयएसओत प्रत्येक सेक्टरचं शेपूट कापलं गेलंय. शिवाय तो दुसरा ऑडिओ ट्रॅक आयएसओत मावतच नाही.

डिस्कची नक्कल (इमेज) बिन/क्यू स्वरूपात करा, त्यात सेक्टर पूर्णच्या पूर्ण येतात. विंडोजवर इमगबर्न, लिनक्सवर सीडीआरडीएओ, 'रॉ' पर्याय लावून. मग जेपीएसएक्सडेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या (जावा लागेल). बिन फाइल त्याला दिली की ते अख्खी डिस्क चाळून यादी करतं आणि प्रत्येक आवाज वेव्ह म्हणून काढून देतं.

ऑडॅसिटीचा नाद सोडा. एक्सए हे ४ बिटांचं एडीपीसीएम आहे, म्हणजे दाबून साठवलेला आवाज, तो आधी डीकोड व्हावा लागतो. शिवाय एकाच फाइलमध्ये अनेक ध्वनिप्रवाह वेणीसारखे गुंफलेले असतात. ३७,८०० हर्ट्झच्या स्टिरिओ प्रवाहाला सेकंदाला पावणेएकोणीस सेक्टर पुरतात आणि दुप्पट वेगानं फिरणारी सीडी १५० देते. म्हणजे दर आठवा सेक्टर एका गाण्याचा, मधले सात इतरांचे. सलग वाचलं तर आठांची खिचडी होणारच.

प्रतिसाद २

वरच्यांनी नेमकं सांगितलंय. एक भर घालतो, नाहीतर पुढे वाटेल की काहीतरी राहिलं.

यादीत जे सापडणार नाही ते 'रेकॉर्ड केलेलं' नसेलच. प्लेस्टेशनच्या ध्वनिचिपला एका वेळी वाजणारे २४ आवाज आणि ५१२ केबी मेमरी होती. वाद्यांचे छोटे नमुने त्या मेमरीत भरायचे आणि कुठला स्वर कधी लावायचा एवढंच डिस्कवर लिहायचं, ही पद्धत सर्रास होती. 'फायनल फँटसी ७' घ्या: तीन डिस्क, पण नोबुओ उएमात्सु यांचं गेममधलं पार्श्वसंगीत जवळजवळ सगळं असंच, जागच्या जागी वाजवलेलं. अशा संगीतासाठी व्हीजीएमट्रान्स वापरा, मिडी (स्वरांची यादी) आणि साउंडफाँट (वाद्यांचे नमुने) वेगवेगळे मिळतात. पण मूळ चिपचा प्रतिध्वनी मिडीत येत नाही, म्हणून ऐकायलाच हवं असेल तर पीएसएफ फाइल बरी, ती मूळ चिपची नक्कल करून वाजवली जाते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! बिन/क्यू केली, जेपीएसएक्सडेकनं लांबलचक यादी दिली. संवाद निघाले, संगीतही निघालं. फायलींना नुसते आकडे आहेत, तेव्हा एकेक ऐकून नावं देणं आलं. ते आनंदानं करीन.

दोन शंका उरल्यात. गाण्यांचा शेवट तुटल्यासारखा का येतो? आणि एमपी३ केलं तर चालेल का?

प्रतिसाद १

गेम शेवटाला पोचला की पुन्हा मागे उडी मारून तेच वाजवतो, त्यामुळे संगीतकाराला 'शेवट' लिहायची गरजच नव्हती. ऑडॅसिटी इथे कामाला येईल: तोच भाग दोनदा जोडा आणि अखेरच्या आठ-दहा सेकंदांत आवाज उतरवत न्या.

एमपी३ गाडीपुरतं ठीक. पण एडीपीसीएममध्ये आधीच एकदा आवाज छाटला गेलाय, त्यावर पुन्हा कात्री नको, म्हणून जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्ये करा, त्यात काही छाटलं जात नाही. आणि ती बिन फाइल पुसू नका, डिस्कवर ओरखडा पडला तर तीच उपयोगी पडेल.