डायालिसिस आणि ‘विश्वास कमी पडतो’ हा शेरा

प्रश्न (सोलापूर)
ख्रिस्तात सलाम. माझ्या यजमानांच्या दोन्ही मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले असून आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, त्यांचे डायालिसिस चालते. रोज सकाळी त्यांच्या हातावरील फिस्ट्युलावर (डायालिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेली जागा) बोटे ठेवून आतली थरथर जाणवते ना, हे मी पाहते आणि मगच चहा ठेवते. तोही मोजून अर्धा कप, कारण दिवसभरात पोटात जाणारे पाणी मोजावे लागते. आमच्या चर्चच्या मंडळीतील माणसे प्रेमाने भेटायला येतात. परंतु एका आरोग्यदान सभेहून (प्रार्थनेने आजार बरे व्हावेत म्हणून भरणारी सभा) परतलेल्या बंधूंनी त्यांना तोंडावर सांगितले की विश्वास पुरेसा असता तर यंत्राची गरज उरली नसती, तेव्हा पुढच्या सभेसाठी डायालिसिसची एक पाळी चुकवून यावे. त्या दिवसापासून यजमान कुटुंब उपासनेला बसत नाहीत आणि मलाही प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. उपचार चालू ठेवणे हा देवावरचा अविश्वास ठरतो काय? यजमानांना पुन्हा प्रार्थनेकडे कसे आणावे?

उत्तर 1 (मिरज, निवृत्त परिचारिका)
ताई, डायालिसिसची पाळी चुकवू नका. रक्तातील पोटॅशियम वाढले तर हृदय बंद पडू शकते, आणि त्याआधी काही लक्षण दिसेलच असे नाही. भेटीला येणारे शहाळी आणि केळी आणतात, त्यांतही पोटॅशियम भरपूर असल्याने तीही या रुग्णांना घातकच. तेव्हा काय आणू नये हे महिला मंडळात एकदा स्पष्ट सांगून टाका. राहिला अविश्वासाचा प्रश्न. आमच्या गावात डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन इस्पितळ सुरू केले, ते देवाची सेवा म्हणूनच.

उत्तर 2 (अहिल्यानगर, पाळक)
त्या बंधूंनी पवित्र शास्त्र जरा पुढेपर्यंत वाचायला हवे होते. हिज्कीया राजा मरणाला टेकला असता त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला आणखी 15 वर्षे देऊ केली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली (2 राजे 20). ज्या प्रेषित पौलाच्या हातून अनेक जण बरे झाले, त्यालाच आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढे जावे लागले (2 तीमथ्य 4:20), पण त्रफिमाचा विश्वास उणा पडला असे तो कुठेही म्हणत नाही. याकोबाच्या पत्रातही मंडळीच्या वडिलांनी आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावी असे आहे. आजाऱ्याची परीक्षा घ्यावी असे नाही.

यजमानांना उपासनेला बसण्याचा आग्रह मात्र करू नका. ते गप्प असतील तर त्यांच्याजवळ बसून आपण स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. त्यात शेवटपर्यंत उजेड नाही, देवाला विचारलेला ‘तू मुख का लपवतोस?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो, तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवले गेले आहे. आपल्याला शब्द सुचत नसतील तर ते उसने घ्यायला काहीच हरकत नाही. आपल्या पाळक साहेबांना सांगून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) घरी मागवा, आणि त्या बंधूंशी बोलण्याचे काम त्यांच्यावरच सोपवा. ते ओझे आपले नव्हे.

उत्तर 3 (वसई)
आम्ही कॅथलिक आहोत. पत्नीच्या कर्करोगात फादरांना तेल लावण्यासाठी बोलवायचे ठरले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी रडारड सुरू केली, कारण त्यांच्या मनात तो मरणाऱ्याचाच संस्कार होता. वास्तविक व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 च्या नव्या विधीनुसार, गंभीर आजार असलेल्या कोणालाही तो घेता येतो. तिने तो घेतला आणि पुढच्याच आठवड्यात केमोथेरपीलाही गेली. आपल्या पंथात रीत वेगळी असेल, पण यजमानांसाठी प्रार्थना करण्याचे काम आपण एकट्याच करत आहात असे दिसते. ते थोडे इतरांवर टाकावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. काल रात्री स्तोत्र वाचले. यजमानांनी मध्येच थांबवून एक ओवी पुन्हा वाचायला लावली, नंतर काही बोलले नाहीत. पाळक साहेब रविवारी प्रभुभोजन घेऊन येणार आहेत. प्याल्यातील द्राक्षरस दिवसाच्या पाण्यात धरावा काय, असे यजमान विचारत आहेत.

उत्तर 1 (मिरज)
धरा. एवढ्या लहान प्याल्याने काही बिघडणार नाही, पण हिशेब ठेवायची सवय मोडू देऊ नका.