जंगलाचं ब्लॅक मेटल खोटं कसं? (काळाकोटला उत्तर)

धुकेकर

परवा ‘सध्या काय ऐकताय’ धाग्यावर मी वुल्व्ह्ज इन द थ्रोन रूम या अमेरिकन ब्लॅक मेटल (किंकाळ्या, वेगवान गिटार-ड्रम्स असलेलं काळोखं मेटल संगीत) बँडचं नाव घेतलं. त्यावर काळाकोटचा प्रतिसाद असा: “हे ब्लॅक मेटल नाही. ते नॉर्वेत झालं आणि तिथंच संपलं. शेतावर राहणाऱ्या सुखवस्तू अमेरिकन पोरांनी ध्यानवर्गासाठी वाजवलेलं आहे हे.” सोडून देणार होतो, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

हा बँड चालवणारे नेथन आणि एरन वीव्हर हे दोघे भाऊ वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचे. ज्या जंगलाबद्दल ते वाजवतात त्याच्यावरून तिथं अक्षरशः भांडणं झाली आहेत. तिथल्या जुन्या जंगलात राहणारं ठिपकेवालं घुबड १९९० मध्ये संकटग्रस्त यादीत आलं, तेव्हा लाकूडतोडीवर पोट असलेली गावं एका बाजूला आणि तोड रोखायला झाडांवर चढून बसणारी पोरं दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था होती. १९९४ मध्ये सरकारी जंगलांसाठी नवी योजना आली तरी तो राग विझला नाही. ‘अर्थ फर्स्ट’ या जंगल वाचवणाऱ्या चळवळीच्या मेळाव्यातून या बँडची कल्पना निघाली. शेकडो वर्षांचा डग्लस फर वृक्ष आडवा झालेला बघितलेल्या माणसांना तू ‘ध्यानवर्ग’ म्हणतोस?

त्यांचा ‘टू हंटर्स’ (२००७) हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या घरामागची टेकडी जेसीबीने उकरत होते त्या आठवड्यात. दिवसभर तो बकेटचा दगडावर घासल्याचा आवाज, रात्री हे. ट्रेमोलो गिटार (एकच सूर भराभर छेडत राहणं) इतकी सलग वाजते की सुटे सूर धरताच येत नाहीत. पत्र्यावर पाऊस धो धो कोसळताना कुणी थेंब मोजतं का? शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं आहे. ते संपलं तेव्हा मी रडत होतो. टेकडीबद्दल घरात कुणाशी बोलता येत नव्हतं, ते तिथं बाहेर पडलं. याला खोटं म्हणू नकोस.

काळाकोट

तू रडलास याबद्दल मला आदरच आहे. पण रडू आलं म्हणजे ब्लॅक मेटल झालं असं नाही.

आणि जंगल ही काही अमेरिकेची देणगी नव्हे. उल्व्हर या नॉर्वेजियन बँडचा ‘बेर्गटाट’ हा अल्बम १९९५ चा. डोंगरातल्या शक्ती एका मुलीला ओढून नेतात ती नॉर्वेजियन लोककथा, त्यात ब्लॅक मेटलही आहे आणि साधं गाणंही. उल्व्हर म्हणजेच लांडगे. म्हणजे नावापासून सगळं आधी होऊन गेलेलं.

माझा खरा राग वेगळा आहे. मी चौदा वर्षं ड्रम्स वाजवतोय. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सवरचा तो अतिवेगवान सलग मारा, आठ मिनिटं एका वेगात टिकवायला काय लागतं ते मनगटाला विचार. मागच्या वर्षी एका आयोजकाने आमचा वेळ चाळीस मिनिटांवरून वीसवर आणला. कारण काय, तर “लोकांना आता अ‍ॅटमॉस्फेरिक, वातावरण उभं करणारं हवंय, तुम्ही फार कडक वाजवता.” आमच्या जागी धुराचं मशीन आणि एक सिंथ. तुझ्या लाडक्या बँडने २०१४ मध्ये ‘सेलेस्टाइट’ काढला, त्यात ड्रम्सच नाहीत, गाणाऱ्याचा आवाजही नाही. ज्या संगीतात माझ्या हातांना काम नाही, त्याला माझ्या संगीताचं नाव का द्यायचं?

धुकेकर

‘सेलेस्टाइट’ मलाही पचला नाही, हे मान्य. पण एका अल्बमवरून सगळं मोजायचं तर ‘ब्लॅक कॅस्केड’ (२००९) ऐक. त्यात धूरही नाही आणि मशीनही नाही, नुसतं झोडपणं आहे. आयोजकाचा राग आयोजकावर काढ.

आणि नॉर्वेच्या शुद्धतेचं मला सांगू नकोस. तिथल्या ब्लॅक मेटलच्या वर्तुळात चर्चं जाळण्याची लाट आली, त्यात १९९२ मध्ये फॅन्टॉफ्टचं चर्च जाळलं गेलं. बाराव्या शतकातलं, संपूर्ण लाकडी. रानातल्या जुन्या देवांच्या नावाने कुणी तरी त्याच रानातलं आठशे वर्षं टिकलेलं लाकूड जाळलं. ज्यांनी जाळायच्या ऐवजी झाड लावलं त्यांना मी जास्त जवळचा मानतो.

काळाकोट

चर्च जाळण्याचं समर्थन मी कधीही केलेलं नाही. ते माझ्या तोंडी घालू नकोस. मागे घे.

धुकेकर

मागे घेतो. तू केलं नाहीस.

पजेटकाठची

मी ऑलिंपियापासून तासाभराच्या अंतरावर राहते, नोकरीनिमित्त अकरा वर्षं. यांना एकदा प्रत्यक्ष ऐकलंय. दिवे जवळजवळ बंद, मंचावर ज्योती, आणि जाळलेल्या वनस्पतीचा वास केसांत दुसऱ्या दिवसापर्यंत होता. संगीताबद्दल धुकेकरांशी सहमत.

श्रद्धेबद्दल मात्र नाही. ‘टू हंटर्स’च्या पहिल्याच तुकड्याचं नाव आर्टिओ देवीवरून आहे. ही युरोपातल्या केल्टिक लोकांची अस्वलदेवी. आणि वाजवताय कुठे, तर इथल्या मूळ रहिवासी सेलिश लोकांच्या भूमीत! १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहात निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींकडून ही जमीन लिहून घेतली. मासेमारीचा हक्क तेवढा त्यांनी तहात राखला होता, तोही पुढे नाकारला गेला. बिली फ्रँक ज्युनिअर हा निस्क्वाली माणूस आपल्याच नदीत जाळं टाकल्याबद्दल पन्नासहून जास्त वेळा पकडला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निम्मे मासे जमातींचे असा निकाल दिला, तेव्हा कुठे ते थांबलं. सीडारच्या झाडाला पवित्र मानणारे लोक अजून इथे राहतात. त्यांना बाजूला ठेवून परक्या देवीला हाक मारायची, हे मला बोचतं.

गुरवाचा_नातू

ताई, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. देव जमिनीचा असतो, उचलून नेता येत नाही.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. आमच्या देवराईत वाळलेली काडीसुद्धा घरी आणायची नाही, असं आजोबांनी शिकवलं. ते गुरव होते. चूल पेटत नसली तरी आजी राईतलं सरपण उचलायची नाही. सातवीण, बेहडे, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल. वर्तक आणि गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून अशा रायांच्या नोंदी केल्या, म्हणून निदान कागदावर तरी काही शिल्लक आहे.

चार वर्षांपूर्वी जीर्णोद्धार निघाला. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं. सभामंडपासाठी सहा झाडं गेली. त्यातल्या एका बेहड्यावर धनेश घरटं करायचा. पाडला त्या दिवशी नर चोचीत फळ घेऊन आला आणि ज्या जागी ढोली होती तिथं हवेत दोनदा घिरट्या घालून गेला. मादी आत होती की नाही हे कुणी बघितलंच नाही. मी मोबाईलवर चित्रण करत होतो आणि माझा हात थरथरत होता. अमेरिकेतली पोरं निदान ओरडतात. आमच्या गावात कुणी ओरडलं नाही.

मंडळाचा_खजिनदार

मला संगीतातलं काही कळत नाही, भाच्याने हा धागा पाठवला. पण जीर्णोद्धाराबद्दल एकतर्फी वाचून गप्प बसवेना. आमचंही देऊळ असंच बांधलं, पैसे मी गोळा केले. माझी आई पंचाहत्तरीची. नवरात्रात शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. कौलं दर पावसाळ्यात फुटायची, शाकारायला माणूस मिळत नव्हता. गावात राहिलेत म्हातारे. आम्ही मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहून वर्गणी काढली ती देवाला चांगलं छप्पर मिळावं म्हणून. झाडं तोडायची हौस कुणाला नव्हती. शहरात बसून देवराईवर लिहिणाऱ्यांनी आधी एक पावसाळा गावात काढावा.

गुरवाचा_नातू

काका, मी गावातच राहतो. बारा महिने. आणि देवळाला लाद्या, मंडप, कमान, पेव्हर ब्लॉक हे सगळं तुम्ही मे महिन्यात येऊन ठरवता आणि जूनला परत जाता. पायरीला रेलिंग लावलं असतं तर तुमच्या आई पडल्या नसत्या. त्यासाठी सहा झाडं कशाला? देवीला कौल लावला होता का? आमच्याकडे नाही लावला. देवीला विचारायला कुणाला सवड नव्हती.

मंडळाचा_खजिनदार

माझ्या आईला यात ओढू नका. तुम्ही कोण मला सांगणार? रेलिंगचे पैसे तरी कुणी दिले असते? गावातल्या किती घरांनी वर्गणी भरली ते माझ्या वहीत आहे.

(थोड्या वेळाने) कौल आम्हीही लावला नव्हता. ते चुकलं.

पजेटकाठची

दोघांनीही जरा दमानं घ्या. नातू, उरलेल्या राईचं काही करता येईल का? जैवविविधता कायद्याने गावात समिती आणि तिथल्या झाडं-प्राण्यांची नोंदवही असायला हवी. त्या कायद्याखाली जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळतो. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथल्या रानजायफळांच्या दलदलीला २०२१ मध्ये तो मिळाला.

धुकेकर

धागा बँडवरून देवळावर गेला, पण तक्रार नाही. पजेटताईंचा मुद्दा मला टोचला. देवी परकी आहे, हे खरं. तरी मी एवढं म्हणेन, ज्यांच्या पणज्याने जंगल तोडलं त्या पोराला झाडापुढे उभं राहून काय म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याने सेलिश लोकांचे मंत्र उचलले असते तर ती चोरी झाली असती. मग आपल्या पूर्वजांची अर्धीमुर्धी आठवलेली देवी घेतली. मला त्यात ढोंग दिसत नाही, पोरकेपण दिसतं.

पजेटकाठची

“पोरकेपण” हा शब्द पटला. जमिनीचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण पटला.

काळाकोट

काल रात्री ‘टू हंटर्स’ पुन्हा ऐकला, हेडफोन लावून, सगळा. तिसऱ्या तुकड्यात जेसिका केनीचा आवाज संपून ड्रम्स येतात ती जागा चार वेळा मागे नेऊन ऐकली. वाजवणारा घाई करत नाही. हे अवघड आहे, मला जमत नाही. एरन वीव्हर चांगला ड्रमर आहे, एवढं लिहून देतो. ब्लॅक मेटलची माझी व्याख्या बदललेली नाही.

नातू, तो धनेशाचा व्हिडिओ आहे का अजून? मला त्यातला आवाज हवाय. त्यावर संगीत चढवायचं नाही, नुसता तसाच वाजवायचाय, पुढच्या कार्यक्रमात सुरुवातीला. वीस मिनिटांतली दोन त्याला देतो.

गुरवाचा_नातू

आहे. बराचसा कटरचाच आवाज आहे, पंखांचा आवाज शेवटी येतो. रात्री पाठवतो.

पजेटताई, समिती कागदावर आहे, वही कोरी आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायला ग्रामसेवकांनी होकार दिलाय. कुणाकडे भरलेल्या नोंदवहीची झेरॉक्स असेल तर मला दाखवा, रकाने कसे भरायचे ते कळत नाही.

मंडळाचा_खजिनदार

आमच्या शेजारच्या गावाने भरली आहे. मागून घेतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता टाका.